शेवाळाच्या वर्गातला अकरावा

पदवीच्या विद्यार्थ्याला घेतलेला विषय मध्येच सोडायचा असेल तर काय करावं, या बाबतीत आमच्या विद्यापीठात माझा हात धरणारा दुसरा माणूस नाही. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बावीस वर्षं मी नोंदणी विभागाच्या तीन नंबरच्या खिडकीत बसतो. एक नंबरवर प्रवेश, दोन नंबरवर विषय घेणं, तीन नंबरवर विषय सोडणं. चार नंबरची खिडकी कधी उघडलेली कोणी पाहिली नाही, पण तिच्यासमोर रोज दोन-तीन मुलं उभी असतात.

विषय सोडण्याच्या नियमांची सतरा कलमं आहेत. सतराच्या सतरा मी लिहिली. उपकुलसचिव साहेबांनी फक्त सही केली, तीही मी बोट ठेवलं तिथे. माझ्या मते त्यातलं सगळ्यात देखणं कलम म्हणजे पाचवं. मुलाने अर्ज दिला की तो सात कामाचे दिवस माझ्या ट्रेमध्ये नुसता पडून राहायचा. याला आम्ही विचारकाळ म्हणतो. त्या दिवसांत वर्गात बसणं चुकत नाही, आणि आठव्या दिवशी माझा शिक्का बसेपर्यंत अर्ज हा नुसता कागद. दहातली सात मुलं विचारकाळातच शहाणी होतात, असं मी सगळ्यांना सांगतो. मोजलं कोणी नाही.

तर एवढा मी नियमांचा जाणकार. आणि आमच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एक विषय मरायला टेकला होता.

तो विषय माझ्या बायकोचा. ती तळघरातल्या प्रयोगशाळेत शेवाळ शिकवते. पाण्यावरचं नव्हे. भिंतींवर, दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर हिरवी गादी उगवते ना, ते. अकरा वर्षं शिकवतेय. आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या शेजारी डब्या असतात आणि त्यांवर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी असते. ती चिठ्ठी माझ्यासाठी आहे.

या सत्रात तिच्या वर्गात नेमके दहा विद्यार्थी होते. आणि कलम बारा काय सांगतं? सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ज्या विषयात दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील, तो विषय तिथेच बंद. बारावं कलमही माझंच. लिहिताना मस्त वाटलं होतं. विषय बंद झाला की प्रयोगशाळा भांडार विभागाकडे जाणार होती, मोडक्या खुर्च्या ठेवायला. भांडारवाल्यांना इतकी खात्री होती की खुर्च्या त्यांनी आधीच आणून प्रयोगशाळेच्या दारात रचल्या होत्या. बायको रोज त्या ढिगाला वळसा घालून आत जायची. घरी आली की म्हणायची, "आज आणखी चार आल्या." एवढंच. रडली असती तर बरं, असं मला वाटायचं.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी सकाळी माझ्या खिडकीशी एक मुलगी आली. आली म्हणण्यापेक्षा शिंकली. एक, दोन, तीन. माझ्या टेबलावरचे कागद उडाले. मग तिने काचेखालून अर्ज सरकवला.

मी वाचला. विषय: शेवाळ. कारण: "वर्गात फार शिंका येतात. शिंकताना सूक्ष्मदर्शकावर डोकं आपटतं. आतापर्यंत सहा वेळा आपटलं."

ही गेली की नऊ!

"रुमाल वापरून पाहिला?" मी विचारलं.

"चार."

"खिडकीजवळ बसून?"

"तळघर आहे सर. खिडकी नाही."

"शिंका काय, आज आहेत उद्या नाहीत. विषय मात्र एकदा सुटला की सुटला."

तिने उत्तरादाखल आणखी दोनदा शिंकून दाखवलं. मी अर्जात खुसपट शोधायला लागलो. तारीख होती. सल्लागाराची सही होती. खाली विषयशिक्षिकेची सही होती, वळणदार, ठसठशीत, माझ्या ओळखीची. ज्या बाईचा वर्ग बुडणार, तिनेच सही ठोकली होती!

मी दुपारी तळघरात जाऊन तिला गाठलं. "अगं, सही कशाला केलीस? चार दिवस टोलवायचं होतं."

"पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलंय अहो," ती म्हणाली. "माझा वर्ग टिकावा म्हणून तिने डोकं फोडून घ्यायचं?"

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिचं म्हणणं बहुधा बरोबर असतं.

पण मी काही हातावर हात धरून बसणाऱ्यातला नव्हे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मला युक्ती सुचली आणि तिच्या तेजाने मी स्वतःच थक्क झालो. विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याला दर सत्रात एक विषय घेता येतो. नोंदणीची शेवटची तारीख? तोच शुक्रवार! मी नाव घातलं की आकडा अकरा. मुलगी गेली की दहा. वर्ग वाचला. मी वर्गाकडे फिरकणारसुद्धा नव्हतो. नाव कागदावर, मी खिडकीत, बायको तळघरात, सगळे सुखी.

मी उठून शेजारच्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. दोन नंबरच्या बाई माझ्या बरोबरीच्या, बावीस वर्षांत एकदाही लवकर किंवा उशिरा न आलेल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही? शेवाळ?"

"ज्ञानाला वय नसतं."

"तुम्हाला आहे," त्या म्हणाल्या. "नियम वाचलेत ना सगळे?"

"बाई, नियम लिहिलेत मी!"

त्यांनी खांदे उडवले आणि नाव घातलं.

सोमवारी संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात हजेरीची नवी यादी घेऊन बसली होती. मी पेपरामागे दडलो.

"अहो, अकरावं नाव तुमचं आहे."

"हो का?"

"तुम्ही माझा विषय घेतलात?"

आता खरं सांगावं तर तिचा स्वाभिमान आडवा आला असता. कुणी कीव केलेली तिला मुळीच खपत नाही. मी घसा खाकरला. "बरेच दिवस मनात होतं. हे शेवाळ म्हणजे असतं तरी काय, एकदा बघावं म्हटलं."

ती उठली, फ्रिज उघडला, उगाचच एक डबी काढली, परत ठेवली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "चोवीस वर्षं झाली लग्नाला. पहिल्यांदा विचारलंत."

आणि मी बुडालो. आता वर्गाला दांडी मारायची कोणत्या तोंडाने?

मंगळवारपासून मी शेवटच्या बाकावर. आजूबाजूला एकोणीस-वीस वर्षांची मुलं, ज्यांना मी खिडकीतून 'कारणाच्या पाच ओळी पूर्ण करा' म्हणून परत पाठवलेलं. ती माझ्याकडे बघून फार गोड हसायची. बायकोने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बजावलं, "अकरा नंबर, इथे मला मॅडम म्हणायचं."

"हो गं," मी म्हणालो आणि वर्ग फुटला.

शुक्रवारी चाचणी झाली. वीसपैकी मला तीन. त्यातला एक नाव नीट लिहिल्याबद्दल. घरी मी कुरकुरलो, तर म्हणाली, "दोन मिळत होते. घरचे म्हणून एक वाढवला, मग अपराधी वाटलं म्हणून सगळ्यांनाच एक वाढवला." अशा बाईकडून पास होण्याची आशा नाही, हे मला तेव्हाच कळलं. नापास झालो तर विद्यापीठाच्या दप्तरात माझ्या नावापुढे ते कायमचं राहणार होतं, आणि ते दप्तर रोज चाळणारा माणूस मीच! पण मी विषय सोडला तर आकडा पुन्हा नऊ. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि आता त्या धोंड्याला भिंगातून न्याहाळायचं होतं.

सहाव्या आठवड्यात मॅडमनी वर्ग बाहेर नेला. नोंदणी विभागाच्या मागच्या बाजूला एक ओली भिंत आहे. तिच्या पायथ्याशी शेवाळ दाट वाढतं. प्रत्येकाला एक भिंग आणि वीतभर भिंत. बुधवारी सकाळी दहा वाजता मी तिथे गुडघे टेकून, नाक भिंतीला लावून बसलो होतो. माझ्या वाट्याला वाळून काळं पडलेलं शेवाळ आलं. मॅडमनी त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. "आता बघा."

मी बघितलं. मिनिटभरात ते कुरकुरीत काळं उलगडत गेलं आणि हिरवंगार झालं. बारीक काड्या, त्यांच्या टोकाला इवल्या टोप्या. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मी मुलांच्या पुढे सरकत सरकत भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत रांगत गेलो, आणि माझ्या भिंगात काळ्या बुटांची एक जोडी आली.

वर उपकुलसचिव साहेब होते.

"काय शोधताय?"

बावीस वर्षं ज्या माणसासमोर मी कलमं फेकली, त्याला काय सांगू? बायकोच्या वर्गात बसतो आणि वीसपैकी तीन मिळवतो? जीभ सुटली ती नको तिथे.

"शिक्का, साहेब."

"कुठला शिक्का?"

"तीन नंबरचा."

तो शिक्का त्या क्षणी माझ्या विजारीच्या खिशात होता आणि मांडीला टोचत होता. खिडकी सोडताना मी तो नेहमी बरोबर घेतो. माझा बेत सोपा होता. साहेब पुढे गेले की दोन मिनिटांनी 'सापडला' म्हणून ओरडायचं.

पण साहेब पुढे गेले नाहीत. ते पांढरे पडले. "विषय सोडण्याचा शिक्का बाहेर? अहो, कुणाच्या हाती लागला तर अर्धं विद्यापीठ विषय सोडेल!" आणि कडक इस्त्रीची पँट वर ओढून ते माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायाने माळ्याला बोलावलं, माळ्याने पहारेकऱ्याला, पहारेकऱ्याने भांडारवाल्यांना. दहा मिनिटांत अख्खा नोंदणी विभाग रांगत होता. मी मध्यभागी, खिशावर हात दाबून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात लख्ख दुपार होती!

"शिक्का मिळेपर्यंत तीन नंबर बंद," साहेबांनी हुकूम काढला. "आणि पहारेकरी, या जागेवरून हलायचं नाही. शिक्का कुणाच्या खिशात निघाला तर सरळ चौकशी."

त्या शेवटच्या वाक्याने माझी पाचावर धारण बसली. शिंकणाऱ्या मुलीच्या अर्जाचे सात दिवस त्याच सकाळी पुरे झाले होते, पण शिक्क्याशिवाय तो ट्रेमध्येच राहिला. गुरुवारी मी तीनदा भिंतीकडे शिक्का टाकायला गेलो. तिन्ही वेळा पहारेकऱ्याने मला सलाम केला आणि म्हणाला, "काळजी नको साहेब, डोळ्यात तेल घालून बघतोय."

शुक्रवार उजाडला. पाच वाजता सगळ्याचा निकाल. दुपारी चारला मॅडमचा वर्ग पुन्हा भिंतीशी होता. वर्गाच्या गर्दीत पहारेकऱ्याची नजर चुकवून मी तो शिक्का हळूच भिंतीच्या पायथ्याशी ठेवला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीत परतलो.

साडेचारला शिंकणारी मुलगी माझ्या खिडकीशी आली. मागे साहेब उभेच होते. "सर, हा भिंगात आला," असं म्हणत तिने शिक्का काचेखालून सरकवला. त्याच्या मुठीला थोडं शेवाळ चिकटलं होतं.

साहेबांनी तिची पाठ थोपटायचीच बाकी ठेवली. "चला, अर्धा तास आहे. उरका भराभर. वरचा अर्ज कुठला?"

वरचा अर्ज तिचाच होता. मी शांतपणे पॅड उघडलं. अकरातून एक गेला, दहा उरले. माझा हिशेब पक्का होता.

"शेवाळ?" साहेबांनी हातातली यादी काढली. "अकरा नावं. ही गेली की दहा. आणि हे शेवटचं नाव... हे तुम्ही?"

"ज्ञानाला वय नसतं साहेब."

"ते असू दे. कर्मचारी धरत नाहीत ना आपण? कलम चौदा. दहाच्या आकड्यात फक्त पदवीचे विद्यार्थी. म्हणजे राहिले नऊ. विषय बंद. मारा शिक्का."

शिक्का हातात, हात हवेत. कलम चौदा! मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा विभागाने वर्ग वाचवण्यासाठी आपले शिपाई आणि माळी विद्यार्थी म्हणून घातले होते. तो डाव हाणून पाडायला ते कलम मी लिहिलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या हुशारीने. आणि विसरलो. आता माझ्याच शिक्क्याने मी माझ्या बायकोची प्रयोगशाळा मोडक्या खुर्च्यांना देणार होतो. मला खरंच भरून आलं. तीन गुण मिळाल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

"सर," काचेपलीकडून मुलगी म्हणाली, "तो माझाच अर्ज आहे ना? परत मिळेल का?"

"परत?"

"मला विषय सोडायचा नाहीये. सोमवारपासून वर्ग बाहेर आहे तर एकही शिंक नाही. मॅडम म्हणाल्या, शिंका शेवाळाच्या नाहीतच. दारातल्या त्या जुन्या खुर्च्यांवर धूळ आहे, तिच्या आहेत. मला तर शेवाळ आवडायला लागलंय."

साहेब माझ्याकडे वळले. "दिलेला अर्ज परत घेता येतो? आहे नियमात?"

सतरा कलमं डोळ्यांपुढून सरकली. एकातही नव्हतं. बावीस वर्षांत मी कधी नियमाबाहेर बोट हलवलं नव्हतं.

"नाही असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही साहेब," मी म्हणालो आणि अर्ज काचेखालून तिच्याकडे ढकलला. "शिक्का बसेपर्यंत तो नुसता कागद."

साहेबांनी विचार केला. "मग दहा. विषय चालू," ते म्हणाले आणि यादीवर खूण करून निघून गेले.

वर्ग वाचला! आणि पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की तो माझ्याशिवाय वाचलाय. माझी तिथे कवडीची गरज नव्हती, कधीच नव्हती. घड्याळात पावणेपाच. मी ट्रेमधले उरलेले अर्ज धडाधड शिक्के मारून संपवले, एक कोरा अर्ज ओढला आणि कारणाच्या पाच ओळी लिहिल्या. फक्त विषयशिक्षिकेची सही हवी होती. पाच वाजायला सात मिनिटं होती. मी तळघराकडे धावलो.

बायको प्रयोगशाळेच्या दारात होती. भांडारवाले खुर्च्या परत नेत होते आणि ती स्वतः एक खुर्ची उचलून त्यांच्या हातात देत होती. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मी अर्ज पाठीमागे धरला.

"कळलं का अहो? वाचला वर्ग!"

"कळलं. अगं, जरा एक सही..."

"थांबा, आधी माझं ऐका. एक सांगू? वर्ग बुडला असता तरी मला या वेळी फारसं वाईट वाटलं नसतं."

"का?"

"तुमच्यामुळे." ती चक्क लाजली. "यादीत तुमचं नाव पाहिलं तेव्हा आधी वाटलं, आकडा भरायला आलात. कीव केलीत. राग आला होता मला. मग कलम चौदा आठवलं. तुमचं नाव त्या आकड्यात धरतच नाहीत, आणि ते कलम तर तुम्हीच लिहिलेलं. म्हणजे वर्ग वाचवायला नव्हे, तुम्ही खरंच शेवाळ बघायला आलात."

जगात काही वाक्यं अशी असतात की त्यांच्यापुढे नवऱ्याने नुसतं उभं राहायचं असतं.

"सही कसली म्हणत होतात?"

"कसली नाही," मी म्हणालो. "हजेरीची. बुधवारची राहिली होती का बघ."

"नाही राहिली. तुम्ही तर कोपऱ्यापर्यंत रांगत गेला होतात." मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आणि पुढच्या वेळी शिक्का दगडावर ठेवत जा. शेवाळावर ठेवलात, चिरडलं ना बिचारं."

वर आलो तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. दोन नंबरच्या बाई पिशवी खांद्याला लावून निघाल्या होत्या. माझ्या हातातला अर्ज त्यांनी पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि माझ्या खिडकीचा पडदा स्वतः खाली ओढला.

"कलम नऊ," त्या म्हणाल्या. "आज पाचनंतर विषय सोडता येत नाही. आणि चौदावं मी तुम्हाला त्याच दिवशी सांगणार होते. पण म्हटलं, नियम तुम्हीच लिहिलेत."

शेवटच्या परीक्षेत मला शंभरपैकी एकतीस पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. "चारच कमी पडले," बायको कौतुकाने म्हणाली, "पुढच्या सत्रात नक्की." मग माझं नाव तिने स्वतःच जाऊन घातलं.

या सत्रात तिच्या वर्गात सव्वीस विद्यार्थी आहेत. मला न धरता.